राणी म्हणायचं की नाही? कॅमिला प्रकरणाची सतरा वर्षं

१० फेब्रुवारी २००५ रोजी लंडनच्या क्लॅरेन्स हाउसमधून, म्हणजे युवराज चार्ल्स यांच्या निवासस्थानातून, एक छोटं निवेदन निघालं. युवराज चार्ल्स आणि मिसेस कॅमिला पार्कर बोल्स लग्न करणार आहेत आणि लग्नानंतर त्या 'डचेस ऑफ कॉर्नवॉल' म्हणून ओळखल्या जातील, असं त्यात होतं. त्याला जोडून आणखी एक वाक्य होतं : चार्ल्स गादीवर येतील तेव्हा मिसेस पार्कर बोल्स यांनी 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' ही पदवी वापरावी, असं योजलं आहे. म्हणजे राणी म्हणवून घेऊ नये.

असं योजलं आहे म्हणजे कोणी योजलं आहे? वाक्यात कर्ताच नाही. सरकारी परिपत्रकं वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना असल्या वाक्याची मेख लगेच कळते. ऐकणाऱ्याला वचन मिळाल्यासारखं वाटतं, पण देणारा कोणीच नसतो. उद्या ते मोडलं तर मोडणाराही कोणी नसतो.

हे प्रकरण मुळात त्या एका वाक्याचं आहे. ते मागे घेतलं गेलं ५ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे सतरा वर्षांना पाच दिवस कमी असताना. ब्रिटिश लोकांनी अखेर कॅमिलांना राणी म्हणून स्वीकारलं, असं आता सहज लिहिलं जातं. मला ते पटत नाही. लोकांनी त्यांना पसंत केलं असं नाही, त्या लोकांच्या अंगवळणी पडल्या. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि राजवाड्याला तो फरक इतरांच्या बऱ्याच आधी कळला होता.

सुरुवातीलाच भाषेची एक गंमत सांगून टाकतो. मराठीत आपण डायनाला कायम 'ती' म्हणत आलो. 'डायना गेली', 'डायनाने मुलाखत दिली'. कॅमिलांबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप 'त्या'वर जातो. मान म्हणून नव्हे, जवळीक नाही म्हणून. या लेखातही तसंच झालंय आणि मी ते दुरुस्त करत नाही.

कायद्याला प्रश्नच पडला नव्हता

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात राजाची बायको ही राणी असते. त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही, जनमत लागत नाही, राज्याभिषेकसुद्धा लागत नाही. मराठीत तर हा वाद उभाच राहू शकत नाही, कारण राजाची बायको या अर्थाला आपल्याकडे 'राणी' हाच शब्द आहे. इंग्रजीत निदान स्वतःच्या हक्काने राज्य करणारी राणी आणि राजाची पत्नी म्हणून असलेली राणी, म्हणजे 'क्वीन कॉन्सॉर्ट', असा भेद करता येतो. पण या दुसरीलाही हाक मारताना लोक नुसतं 'क्वीन'च म्हणतात.

'बायको चालेल, राणी नको' हा तोडगा १९३६ सालीही पुढे आला होता. आठव्या एडवर्डना दोनदा घटस्फोट घेतलेल्या वॉलिस सिम्पसनशी लग्न करायचं होतं. लग्न होऊ द्या, फक्त तिला राणीपद देऊ नका, असा प्रस्ताव पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्यापुढे गेला. मंत्रिमंडळाने तो फेटाळला, कारण कायद्यात अशी सोय नव्हती आणि ती करायला कोणी तयारही नव्हतं. डिसेंबर १९३६ मध्ये एडवर्ड पायउतार झाले.

म्हणजे २००५ सालचं निवेदन कायद्याच्या दृष्टीने पोकळ होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत प्रश्न आला तेव्हा सरकारनेही मान्य केलं, की चार्ल्स राजे झाले की कॅमिला आपोआप राणी होतील, आणि तसं होऊ द्यायचं नसेल तर वेगळा कायदा करावा लागेल. असा कायदा करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. मग 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' होतं तरी काय? कायद्याने राणी, पण हाक मारताना प्रिन्सेस. ही पदवी ब्रिटनमध्ये त्याआधी कोणाही स्त्रीला मिळालेली नव्हती. १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपले पती आल्बर्ट यांना 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' केलं होतं, त्यावरून शिवलेलं हे नवं कापड. पण आल्बर्ट राणीचे पती होते. तिथे पुरुषाला 'राजा' म्हणता येत नाही म्हणून अडचण होती. इथे उलट होतं. राणी म्हणता येत असूनही म्हणायचं नव्हतं.

लोकांचा राग नेमका कशावर होता

कॅमिला शँड यांचा जन्म १९४७ चा, चार्ल्सपेक्षा वर्षभराने मोठ्या. त्यांची पणजी ॲलिस केपेल ही सातव्या एडवर्डची प्रेयसी. आपल्या जुन्या मराठीत तिला 'अंगवस्त्र' म्हटलं असतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स आणि कॅमिला यांची ओळख झाली, पण १९७३ मध्ये कॅमिलांनी घोडदळातले अधिकारी अँड्र्यू पार्कर बोल्स यांच्याशी लग्न केलं. लंडनच्या गार्ड्स चॅपलमध्ये. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. २९ जुलै १९८१ ला चार्ल्स आणि डायनाचं लग्न. डिसेंबर १९९२ मध्ये दोघं वेगळे झाल्याचं पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितलं. जानेवारी १९९३ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांच्या चोरून टेप केलेल्या टेलिफोन संभाषणाचा मजकूर वृत्तपत्रांत छापून आला. ते संभाषण १९८९ चं, म्हणजे दोघंही आपापल्या संसारात असतानाचं. जून १९९४ मध्ये चार्ल्सनी टीव्हीवरच्या मुलाखतीत स्वतःच कबुली दिली, की लग्न सावरण्यापलीकडे मोडेपर्यंत मी एकनिष्ठ होतो. लोकांनी त्यातलं 'पर्यंत' तेवढं ऐकलं. १९९५ च्या सुरुवातीला कॅमिलांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डायना बीबीसीवर म्हणाली, की आमच्या लग्नात आम्ही तिघं होतो, त्यामुळे जरा गर्दी झाली होती. ती मुलाखत मिळवताना पत्रकाराने फसवणूक केल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये चौकशीतून निघाला, पण वाक्य तिचंच होतं आणि ते कोणी विसरलं नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये घटस्फोट, आणि ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसच्या बोगद्यातला अपघात.

अपघाताच्या सहा आठवडे आधी, जुलैमध्ये, चार्ल्सनी आपल्या हायग्रोव्हच्या घरी कॅमिलांच्या पन्नाशीची मेजवानी दिली होती. संबंध हळूहळू उघड करायचा बेत तेव्हाच सुरू झालेला दिसतो. डायना गेली आणि बेत जागच्या जागी थांबला.

राग दोन प्रकारचा होता आणि दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले होते. एक धर्माचा. ब्रिटनचा राजा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख असतो, आणि कॅमिला घटस्फोटित, त्यातही पहिला नवरा हयात. याच घरात १९५५ साली राणी एलिझाबेथ यांच्या सख्ख्या बहिणीला, मार्गारेटला, घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी लग्न करण्याचा विचार सोडावा लागला होता. दुसरा राग साधा, माणसांचा होता. दुसरेपणावर आलेल्या बाईकडे गाव ज्या नजरेने बघतो, तसा. पहिली चांगली होती, तरुण होती, दोन मुलं मागे ठेवून गेली, आणि ती जिच्यामुळे दुःखी होती तीच आता तिच्या जागी बसणार. पहिल्या रागाला वकील आणि बिशप उत्तर शोधू शकत होते. दुसऱ्याला उत्तर नव्हतं.

एकेक पायरी, आणि कुठेही प्रश्न नाही

१९९६ मध्ये चार्ल्सनी मार्क बोलंड नावाच्या माणसाला आपल्या कार्यालयात घेतलं. बोलंड आधी वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचे संचालक होते, त्यामुळे संपादक कसे विचार करतात हे त्यांना माहीत होतं. २००२ पर्यंत ते तिथे होते. त्यांनी जे केलं त्याला 'प्रतिमा सुधारणं' म्हणतात, पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळातल्या एकाही पायरीवर लोकांना काही विचारलं गेलं नाही.

२८ जानेवारी १९९९ ला रात्री लंडनच्या रिट्झ हॉटेलात कॅमिलांच्या बहिणीची पन्नाशी साजरी होत होती. बाहेर फोटोग्राफरांची झुंबड. दोघं एकत्र बाहेर आले, गाडीत बसले आणि गेले. भाषण नाही, हातात हात नाही. घरगुती वाढदिवसाला जाऊन परतणारी दोन मध्यमवयीन माणसं. यावर आक्षेप घ्यायचा तरी कसा? बहिणीच्या वाढदिवसाला जाऊ नये असं कोण म्हणणार!

जून २००० मध्ये हायग्रोव्हला ग्रीसचे माजी राजे कॉन्स्टंटाइन यांच्या साठीनिमित्त जेवण होतं. राणी एलिझाबेथ आल्या आणि कॅमिलाही होत्या. त्याच छताखाली दोघी भेटल्या. आमंत्रण कॉन्स्टंटाइन यांच्या नावाचं असल्यामुळे राणींनी कॅमिलांना भेटायला बोलावलं असं कोणाला म्हणता येत नव्हतं. पण त्या आल्या नसत्या तर तो नकार ठरला असता, हे सगळ्यांनाच कळत होतं. २००१ च्या जूनमध्ये ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेच्या समारंभात चार्ल्सनी कॅमिलांच्या गालाचं चुंबन घेतलं, आणि कॅमेऱ्यांनी ते टिपलं. समारंभ कोणाचा हे बघण्यासारखं आहे. कॅमिलांच्या आई याच आजाराने १९९४ मध्ये गेल्या होत्या आणि कॅमिला त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे त्या युवराजांबरोबर आलेल्या पाहुण्या नव्हत्या. यजमान त्याच होत्या, युवराज त्यांच्याकडे आले होते.

२००२ मध्ये चर्चच्या महासभेने घटस्फोटितांना, पहिला जोडीदार हयात असतानाही, अपवादात्मक परिस्थितीत चर्चमध्ये पुनर्विवाह करायला वाट मोकळी केली. हा निर्णय हजारो सामान्य जोडप्यांसाठी होता. पण त्याने धर्माच्या आक्षेपाची धार बोथट झाली हेही खरं.

लग्न, आणि त्यातले घोळ

इतकी वर्षं इतकं जपून पावलं टाकणाऱ्या मंडळींनी प्रत्यक्ष लग्नात मात्र जो घोळ घातला, तो बघून आपल्याकडच्या कुठल्याही वरपित्याला धीर येईल.

चर्चमध्ये लग्न नको असं ठरलं. आधी नोंदणी पद्धतीने लग्न आणि मग चर्चचा आशीर्वाद. नोंदणी विंडसरच्या किल्ल्यात करायची होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की किल्ल्याला विवाहस्थळाचा परवाना घेतला तर तीन वर्षं कोणाही जोडप्याला तिथे लग्न लावायची मुभा द्यावी लागेल. राणीच्या घरात रोज वराती! जागा बदलून गावातल्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे जुन्या नगरभवनात गेली. मग वकिलांनी शंका काढली, की राजघराण्यातल्या माणसाला इंग्लंडमध्ये नोंदणी लग्न करता येतं का? विवाहाच्या जुन्या कायद्यांत त्यांना वगळलेलं होतं. लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचा कारभार बघणारे मंत्री, फाल्कनर यांना ते कायदेशीर असल्याचं जाहीर करावं लागलं. मग पोप जॉन पॉल दुसरे वारले, त्यांची अंत्ययात्रा नेमकी ८ एप्रिलला, लग्नाच्याच दिवशी. लग्न एक दिवस पुढे गेलं आणि नवरदेव आदल्या दिवशी रोमला अंत्यविधीला गेले. मुहूर्त मानणाऱ्या समाजात यावर काय बोललं गेलं असतं हे सांगायला नको.

९ एप्रिल २००५ च्या नोंदणी विवाहाला राणी एलिझाबेथ गेल्या नाहीत. नंतर सेंट जॉर्ज चॅपलमध्ये झालेल्या आशीर्वादाच्या प्रार्थनेला मात्र गेल्या. चर्चच्या प्रमुख म्हणून त्यांना घटस्फोटितांच्या नोंदणीला उभं राहता येत नव्हतं, आणि आई म्हणून घरी बसणंही शक्य नव्हतं. आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्यासमोर चार्ल्स आणि कॅमिला यांनी १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातलं पापकबुलीचं वचन म्हटलं : आमच्या अनेक पापांची आणि दुष्कृत्यांची आम्ही कबुली देतो, त्याबद्दल शोक करतो. जगभर थेट प्रक्षेपण चालू होतं. ही प्रार्थना चर्चमध्ये नेहमीचीच आहे, पण त्या दिवशी ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने तिचा खास अर्थ लावला. जे माफी मागितल्याशिवाय ऐकणार नव्हते त्यांना माफी ऐकू आली, आणि मागणाऱ्यांना कोणाचं नाव घ्यावं लागलं नाही. या सबंध प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट मला हीच वाटते, मग ती कोणी ठरवून केलेली असो वा नसो.

त्याच दुपारी ग्रँड नॅशनल ही घोड्यांची अडथळ्यांची मोठी शर्यत होती. मेजवानीत राणींनी आधी शर्यत कोणता घोडा जिंकला ते सांगितलं आणि मग त्या शर्यतीतल्या अवघड अडथळ्यांची नावं घेत म्हणाल्या, की माझ्या मुलाने आणि सुनेने असे सगळे अडथळे पार केले, मला त्यांचा अभिमान आहे. घोड्यांवर जीव असलेल्या बाईकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं.

आणि हो, या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी होते. २००३ मध्ये चार्ल्स चर्चगेट स्टेशनवर डबेवाल्यांना भेटले होते, ती ओळख त्यांनी ठेवली. आपल्या माणसांनी आहेरात नव्या सुनेसाठी मराठी पद्धतीची साडी नेली. इंग्लंडातली निम्मी वृत्तपत्रं 'या बाईंना काय म्हणायचं' यावर डोकं फोडत होती, तेव्हा मावळातून आलेल्या मंडळींनी तो प्रश्न साडी देऊन केव्हाच मिटवला होता.

बेल्जियमला जे जमलं नाही

हे असंच होणार होतं असं कोणाला वाटत असेल तर बेल्जियमकडे बघावं. साम्य अंगावर येण्याइतकं आहे. २९ ऑगस्ट १९३५ ला बेल्जियमची लोकप्रिय, तरुण राणी ॲस्ट्रिड स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात गेली. गाडी राजे तिसरे लिओपोल्ड स्वतः चालवत होते. देश अक्षरशः रडला. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात आणि राजा त्यांच्या नजरकैदेत असताना, लिओपोल्डनी लिलियन बेल्स यांच्याशी गुपचूप धार्मिक विधीने लग्न केलं. बेल्जियमच्या कायद्यात नोंदणी आधी आणि धार्मिक विधी मागून, असा क्रम होता. तोही पाळला गेला नाही, नोंदणी डिसेंबरमध्ये झाली. लोकांना कळलं ते चर्चमध्ये वाचून दाखवलेल्या पत्रातून.

लिलियन राणी होणार नाहीत हे तिथेही जाहीर केलं होतं, त्या 'प्रिन्सेस ऑफ रेती' झाल्या. काही उपयोग झाला नाही. युद्धकैदी सैनिकांच्या बायका एकट्या असताना राजाने नवी बायको केली, हे लोकांना गिळता आलं नाही. राग अर्थात केवळ लग्नाचा नव्हता, जर्मनांपुढे शरणागती पत्करल्याचा मोठा होता. पण लग्नामुळे त्या रागाला एक चेहरा मिळाला. १९५० च्या सार्वमतात सुमारे ५८ टक्के लोकांनी राजाच्या परतण्याला कौल दिला, तरी फ्रेंचभाषक वालोनियात बहुमत विरोधात गेलं. संप झाले, गोळीबारात माणसं मेली आणि जुलै १९५१ मध्ये लिओपोल्डनी मुलासाठी गादी सोडली.

दोन्ही प्रकरणांत पदवीची तडजोड जवळजवळ सारखी आहे. फरक दोन गोष्टींचा. लिओपोल्डनी लोकांना आश्चर्याचा धक्का दिला, चार्ल्सनी कंटाळा येईपर्यंत सवय लावली. आणि बेल्जियममध्ये लोकांना थेट विचारलं गेलं. विचारलं की माणसं उत्तर देतात, आणि उत्तर दिल्यावर त्याला चिकटून राहतात.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर इंदूरचे तुकोजीराव होळकर तिसरे. त्यांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. ती हिंदू झाली, शर्मिष्ठाबाई झाली, पुढे आयुष्यभर तेच नाव लावून राहिली. पण महाराजांनी दोन वर्षं आधीच गादी सोडलेली असल्याने राणीपदाची कसोटी तिच्या वाट्याला आलीच नाही.

मधली वर्षं

लग्न झाल्या क्षणी कायद्याने कॅमिला 'प्रिन्सेस ऑफ वेल्स' होत्या. ती पदवी त्यांनी एक दिवसही वापरली नाही, कारण ती डायनाची होती. लोकांनी मागण्याआधी सोडून दिलेली ही एकच गोष्ट, आणि तिचा परिणाम फार मोठा झाला. जिच्या जागी बसायचं नाही असं सगळे बजावत होते, त्या जागेवर त्या बसल्याच नाहीत.

२००७ च्या ऑगस्टमध्ये तोल जाता जाता राहिला. डायनाच्या दहाव्या स्मृतिदिनाची प्रार्थना ठरली आणि कॅमिला त्याला जाणार असं आधी जाहीर झालं. टीकेचा लोंढा आला. मग काही दिवस आधी त्यांनी निवेदन काढलं, की आपल्या येण्याने लोकांचं लक्ष मूळ कारणावरून विचलित होईल, म्हणून आपण येत नाही. प्रार्थना होती गार्ड्स चॅपलमध्ये, जिथे १९७३ मध्ये त्यांचं पहिलं लग्न लागलं होतं. आधी हो म्हणणं ही चूक होती. पण ती दुरुस्त करताना त्यांनी कारण लपवलं नाही, आणि लग्नाच्या दोन वर्षांनंतरही राग किती ताजा आहे हे राजवाड्याला एकदम कळलं.

२०१० मध्ये एका अमेरिकन वाहिनीने चार्ल्सना विचारलं, तुम्ही राजे झाल्यावर कॅमिला राणी होतील का? चार्ल्स अडखळले, बघू या, होऊही शकतं, असं काहीसं म्हणाले. बारकाईने बघणाऱ्यांना तेव्हाच कळलं की 'असं योजलं आहे' हे वाक्य सैल होत चाललंय. २०१८ मध्ये क्लॅरेन्स हाउसच्या संकेतस्थळावरून प्रिन्सेस कॉन्सॉर्टचा उल्लेख गुपचूप गेला. विचारल्यावर 'धोरण बदललेलं नाही' असं उत्तर मिळत राहिलं.

राणी एलिझाबेथ यांनी मात्र शब्दांऐवजी कृतीने बोलायचं ठरवलेलं दिसतं. जून २०१२ मध्ये हीरकमहोत्सवाच्या मिरवणुकीत पती फिलिप इस्पितळात होते, तेव्हा राणींच्या बग्गीत चार्ल्स आणि कॅमिला बसले. २०१६ मध्ये कॅमिला प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे राजसत्तेच्या सल्लागार मंडळात, गेल्या. १ जानेवारी २०२२ पासून त्या 'ऑर्डर ऑफ द गार्टर' या जुन्या, मोठ्या मानाच्या सन्मानाच्या सदस्य झाल्या, आणि हा मान देणं सर्वस्वी राणींच्या हातातलं असतं.

कामाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा सगळा नुसता डाव वाटेल. घरगुती हिंसाचार आणि बलात्कार या विषयांवर राजघराण्यातलं कोणी उघड बोलत नव्हतं. कॅमिला पीडित स्त्रियांच्या केंद्रांवर जाऊ लागल्या. वैद्यकीय तपासणीनंतर तिथल्या बायकांना अंग धुवायला साधा साबण, टॉवेलही मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी प्रसाधनाच्या छोट्या पिशव्या पोहोचवायचं काम सुरू केलं. हे काम फोटोत चांगलं दिसणारं नाही. कदाचित म्हणूनच लोकांना ते खरं वाटलं.

एक पत्र आणि दोन वाक्यांचं निवेदन

राज्यारोहणाला सत्तर वर्षं पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, ५ फेब्रुवारी २०२२ ला, राणी एलिझाबेथ यांचं पत्र प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी लिहिलं, की चार्ल्स राजा होईल तेव्हा मला दिलात तसाच पाठिंबा तुम्ही त्याला आणि कॅमिलाला द्याल हे मला माहीत आहे, आणि त्या वेळी कॅमिला 'क्वीन कॉन्सॉर्ट' म्हणून ओळखली जावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२००५ च्या वाक्याशी हे ताडून पाहा. तिथे कर्ता नव्हता, इथे 'माझी इच्छा' आहे आणि खाली सही आहे. कायद्याने या इच्छेची गरज शून्य होती. पण सत्तर वर्षं राज्य केलेल्या पंचाण्णव वर्षांच्या बाईची शेवटची इच्छा कोण मोडणार? लोकांना पुन्हा काहीच विचारलेलं नव्हतं. विनंती केली होती, आणि तीही अशा माणसाने, जिला नाही म्हणणं अवघड.

८ सप्टेंबर २०२२ ला संध्याकाळी बकिंगहॅम राजवाड्याने दोन वाक्यांत सांगितलं : राणींचं आज दुपारी बालमोरल येथे शांतपणे निधन झालं. राजा आणि क्वीन कॉन्सॉर्ट आज रात्री बालमोरल येथेच राहतील आणि उद्या लंडनला परततील. सतरा वर्षं रेंगाळलेला प्रश्न दुसऱ्या वाक्यात मुक्कामाचा तपशील सांगताना मिटून गेला. त्या घटकेला कोणाचं लक्ष तिकडे असणार?

'कॉन्सॉर्ट' हा शब्दही फार टिकला नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिका गेल्या, त्यावर सरळ 'क्वीन कॅमिला' होतं. मधले सात महिने तो शब्द पुलासारखा वापरला आणि पलीकडे गेल्यावर काढून घेतला.

६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या डोक्यावर १९११ साली मेरी राणीसाठी घडवलेला मुकुट ठेवला. नवा करवून घेतला नाही. आणि १९३७ च्या ज्या मुकुटात कोहिनूर जडवलेला आहे तो तिजोरीतच राहिला. बालराजा दुलीपसिंगाकडून १८४९ मध्ये काढून घेतलेला हिरा घालून राणी मिरवली असती तर भारतातून काय आवाज उठला असता हे त्यांना माहीत होतं. त्याऐवजी एलिझाबेथ राणींच्या ब्रूचमधले कलिनन हिरे मुकुटात बसवले. ते दक्षिण आफ्रिकेतले, म्हणजे तोही वाद पूर्णपणे टळला असं नाही. पण सासूचे दागिने सुनेने घालणं ही गोष्ट कुठल्याही देशातल्या बायकांना समजते.

त्या दिवशी लंडनच्या रस्त्यावर राजेशाहीविरोधी लोक पिवळे फलक घेऊन उभे होते. पोलिसांनी काहींना धरलंही. फलकांवर होतं : 'नॉट माय किंग'. माझा राजा नाही. मला या दिवसाचं सगळ्यात बोलकं चित्र हे वाटतं. पंचवीस वर्षांपूर्वी फलक निघाले असते तर त्यावर कॅमिलांचं नाव असतं. आता ज्यांना विरोध करायचा होता ते संस्थेलाच विरोध करत होते. राणी कोण, हा त्यांच्या रागाचा विषय उरला नव्हता.

लोकमताच्या चाचण्या हेच सांगतात. २००५ मध्ये बहुतेकांना लग्न मान्य होतं पण राणी म्हणून त्या फारच थोड्यांना हव्या होत्या. आता विरोध बराच ओसरलाय, तरी लोकप्रियतेत त्या विल्यम, केट आणि चार्ल्सची बहीण ॲन यांच्या बऱ्याच मागे असतात. जानेवारी २०२३ मध्ये हॅरीचं आत्मचरित्र आलं. आम्ही दोघा भावांनी वडिलांना हे लग्न करू नका म्हणून विनवलं होतं, असं त्याने लिहिलं, आणि सावत्र आईने वृत्तपत्रांशी साटंलोटं करून आपली प्रतिमा घडवली असा आरोपही केला. त्यातलं बरंचसं, बोलंड यांच्या काळाचा विचार करता, अगदीच निराधार म्हणता येत नाही. घरातल्या मुलानेच इतकं जाहीर बोलूनही चार महिन्यांनी राज्याभिषेक ठरल्याप्रमाणे झाला. डायनावर जीव असणाऱ्यांनी मन बदललं म्हणून नव्हे. त्यांतले पुष्कळजण म्हातारे झाले, आणि पुढच्या पिढीला तो त्रिकोण टीव्हीवरच्या मालिकेतून कळला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चार्ल्स राजांना कर्करोग असल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्याच्या अखेरीला विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये ग्रीसच्या कॉन्स्टंटाइन राजांची स्मृतिप्रार्थना होती. ज्यांच्या साठीच्या जेवणाला पाहुण्यांच्या गर्दीत राणी एलिझाबेथ यांच्याशी भेट घडवून आणावी लागली होती, तेच कॉन्स्टंटाइन. चार्ल्स येऊ शकत नव्हते, विल्यमनेही ऐनवेळी खासगी कारणासाठी येणं रद्द केलं. राजघराण्याच्या पुढे कॅमिला चालत गेल्या. महिन्याभराने वूस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारच्या दानविधीसाठी त्या राजाच्या वतीने उभ्या राहिल्या. राजाऐवजी राजपत्नीने हे दान वाटण्याची ती पहिलीच वेळ होती. रांगेत बसलेल्या वृद्धांनी हात पुढे करून नाण्यांच्या छोट्या थैल्या घेतल्या.